कोळंबीच्या सालीपासून जखमेच्या पट्टीपर्यंत: कायटोसान काढायची आणि तपासायची रीत

कोळंबी सोलली की डोकं आणि साल मिळून जवळपास निम्मं वजन बाजूला पडतं. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर किंवा मुंबईत ससून डॉकच्या शेडमध्ये सकाळी गेलात तर ही साल टोपल्या भरून दिसते. बरीचशी फेकली जाते, थोडी खतात जाते. याच सालीतल्या एका बहुशर्करेपासून (साखरेच्या कड्यांच्या लांब साखळीपासून) कायटोसान नावाचा पदार्थ मिळतो, आणि त्याची पट्टी रणांगणावर वाहतं रक्त थांबवायला वापरतात. या दोन टोकांमधला रस्ता कसा आहे, त्यातला किती आपण कॉलेजच्या प्रयोगशाळेत चालू शकतो आणि कुठे थांबायला हवं, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

हा प्रयोग मी बरीच वर्षं एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांकडून करून घेतो. दरवर्षी कुणीतरी पांढरट भुकटीची बाटली आणून टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "सर, कायटोसान झालं." माझा प्रश्न ठरलेला असतो: यात कायटोसान किती, राख किती, पाणी किती? भुकटी करणं दोन-तीन दिवसांचं काम आहे. ती नेमकी काय आहे हे सांगता येणं हा खरा प्रयोग, आणि वैद्यकात त्यावाचून कुणी तिला हातही लावत नाही. म्हणून या लेखात तपासण्यांना बनवण्याइतकीच जागा दिली आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे सांगितलेल्या रीतीने तयार झालेली भुकटी, पडदा किंवा स्पंज कुणाच्याही जखमेवर लावायचा नाही. स्वतःच्या बोटावरच्या ओरखड्यावरही नाही. कारण पुढे येईलच.

सालीत काय असतं

वाळलेल्या कोळंबीच्या सालीत तीन मुख्य गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रथिनं साधारण ३० ते ४० टक्के, कॅल्शियम कार्बोनेट ३० ते ५० टक्के आणि कायटिन २० ते ३० टक्के. कायटिन ही साखरेच्या कड्यांची लांब साखळी आहे, आपल्या ओळखीच्या सेल्युलोजसारखीच. फरक एवढाच की प्रत्येक कडीवर एक नायट्रोजन आणि त्याला चिकटलेला ॲसिटिल गट असतो. हा ॲसिटिल गट काढून टाकला की उघडा अमाइन गट उरतो. निम्म्याहून अधिक कड्यांवर असं झालं की त्या पदार्थाला कायटोसान म्हणायचं. कायटिन पाण्यात विरघळत नाही, सौम्य आम्लातही नाही. कायटोसान सौम्य आम्लात विरघळतं. सगळा उपयोग या एका फरकातून निघतो.

कायटिनची नोंद पहिल्यांदा १८११ साली झाली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांना ते अळंबीत सापडलं होतं, सालीत नव्हे. १८५९ मध्ये रूजे यांनी कायटिन तीव्र क्षारात (अल्कलीत) उकळलं आणि ते आम्लात विरघळू लागल्याचं पाहिलं. 'कायटोसान' हे नाव १८९४ मध्ये होपे-झायलर यांनी दिलं. म्हणजे आपण प्रयोगशाळेत जे करणार आहोत ते मुळात रूजे यांचंच काम आहे, फक्त मोजमापासह.

आम्लात कायटोसानच्या अमाइन गटांवर धन भार येतो. पीएच साधारण ६.५ च्या वर गेला की तो भार उतरतो आणि पदार्थ पुन्हा घट्ट होऊन खाली बसतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीत तो लागेल.

भांडी आणि डोळे

आम्ल प्लॅस्टिकच्या भांड्यात, तीव्र क्षार स्टीलच्या भांड्यात. ॲल्युमिनियम कशालाच नाही, कारण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. गरम तीव्र क्षार काचही कुरतडतो, म्हणून चांगले बीकर त्यासाठी वापरू नका. हायड्रोक्लोरिक आम्ल स्टीलमध्ये ओतू नका.

नेहमी आम्ल पाण्यात ओतायचं आणि कॉस्टिक सोडाही पाण्यातच टाकायचा. उलट कधीच नाही. गॉगल पहिल्या मिनिटापासून शेवटच्या धुण्यापर्यंत डोळ्यांवर हवा. आम्लाचा थेंब त्वचेवर लगेच चुरचुरतो, क्षाराचा थेंब आधी नुसता साबणासारखा बुळबुळीत लागतो आणि तोवर आत जात असतो. डोळ्यात गेला तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचणारं कपाट) नसेल तर हा प्रयोग घरी किंवा बंद खोलीत करू नका.

पायरी पहिली: साल मिळवणं

साल ताजी हवी. बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या एखाद्या मावशींशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. पहिल्यांदा मी साल मागितली तेव्हा मावशी म्हणाल्या, "सर, साल काय खायची हाय? मास घ्या की." मग त्याच मला दरवर्षी डोकी वेगळी आणि साल वेगळी अशा दोन पिशव्या ठेवू लागल्या. डोक्यात चरबी, पाचकरस आणि घाण जास्त असते. धड आणि शेपटीची साल घेतली तर निम्मं काम हलकं होतं. सोडे करणाऱ्या घरीही साल मिळते, पण तिथली कोळंबी आधी उकडलेली होती का ते विचारून वहीत लिहा. उकडल्याने प्रथिनं सालीवर घट्ट बसतात आणि क्षाराचा वेळ वाढतो.

साल आणल्यावर लगेच धुवा. चिकटलेलं मांस चमच्याने खरवडा. गार पाण्यात चार-पाच वेळा खळबळून घ्या, मग ६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ती कुरकुरीत मोडेपर्यंत वाळवा. उन्हातही वाळते, पण माश्या आणि वासाचा विचार करा. अर्धा किलो ओल्या सालीतून साधारण १०० ते १२५ ग्रॅम वाळलेली साल हाती येते. मिक्सरमध्ये फिरवून १ ते २ मिलिमीटरचे तुकडे करा. पिठासारखी भुकटी करू नका. ती गाळताना फडक्यातून निसटते, आणि आम्लात तिची साखळी लवकर तुटते.

पुढची सगळी मापं १०० ग्रॅम वाळलेल्या सालीसाठी आहेत.

पायरी दुसरी: चुना काढणं

१ नॉर्मल (म्हणजे लिटरला १ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल १.५ लिटर लागेल. बाजारातलं तीव्र आम्ल ३५ ते ३७ टक्क्यांचं असतं. त्यातलं सुमारे १३० मिली मोजा आणि १३७० मिली पाण्यात हळूहळू ओता.

दीड लिटरच का, याचं गणित एकदा स्वतः करून बघा. सालीत ४० टक्के कॅल्शियम कार्बोनेट धरलं तर १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅम, म्हणजे ०.४ मोल. प्रत्येक मोलला दोन मोल आम्ल लागतं, म्हणजे ०.८ मोल. १ नॉर्मल आम्लाच्या हिशोबाने ८०० मिली नुसतं चुन्यातच संपतं. उरलेलं शेवटपर्यंत आम्लता टिकवायला. खेकड्याच्या सालीत चुना बराच जास्त असतो. कोळंबीचं माप तिथे जसंच्या तसं वापरलं तर आम्ल अर्ध्यात संपतं, आणि पुष्कळांची राख तिथेच वाढते.

बादली किमान पाच लिटरची घ्या. कार्बन डायऑक्साइड निघून फेस जोरात वर येतो. साल एकदम न टाकता पाच-सहा वेळा मूठ-मूठ टाका. खोलीच्या तापमानाला लाकडी दांड्याने ढवळत दोन तास ठेवा. बुडबुडे थांबल्यावर पीएच पट्टी बुडवा. पीएच अजून २ च्या खाली असेल तर चुना गेला. ४-५ च्या पुढे गेला असेल तर आम्ल संपलं आहे, नवं घ्यावं लागेल.

रात्रभर आम्लात ठेवायचा मोह टाळा. चुना दोन तासांत निघतो. त्यापुढे आम्ल साखळीचे तुकडे करत राहतं, आणि तुटलेली साखळी परत जोडता येत नाही. फडक्यातून गाळून साल तटस्थ होईपर्यंत धुवा. आता ती मऊ, लवचिक, थोडीशी पारदर्शक दिसेल. बोटांत दाबली तर मोडायच्या ऐवजी वाकते.

पायरी तिसरी: प्रथिनं काढणं

४ टक्के कॉस्टिक सोडा, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम. असा दीड लिटर द्रव स्टीलच्या पातेल्यात ६५ ते ७० अंशांवर आणा, साल टाका, दोन तास ढवळत ठेवा. द्रव तपकिरी होतो आणि बंदरासारखा वास सुटतो. गाळा, धुवा, नव्या द्रवात पुन्हा दोन तास.

प्रथिनं संपली हे डोळ्यांनी ठरवू नका. गाळलेल्या द्रवाचे २ मिली परीक्षानळीत घेऊन त्यात मोरचुदाच्या सौम्य द्रावणाचे थेंब टाका. जांभळी झाक आली तर प्रथिनं अजून निघत आहेत. ही आपली अकरावीतली बाययुरेट चाचणी. तिसऱ्यांदाही जांभळा रंग आला तर चौथ्यांदा करा. वैद्यकीय वापरात ॲलर्जीची भीती असते ती सालीतल्या आणि मांसातल्या प्रथिनांची, विशेषतः ट्रोपोमायोसिनची. साखरेच्या साखळीची नाही. म्हणून या पायरीत घाई करू नका.

हाताशी आलेलं कायटिन साधारण २० ते २५ ग्रॅम भरतं. ते फिकट गुलाबी असेल. हा रंग अस्टाझँथिनचा, कोळंबी शिजल्यावर लाल होते तो. ॲसिटोनमध्ये तासभर ठेवलं की बराचसा उतरतो. ब्लीचिंगचं द्रावण वापरून लख्ख पांढरं करता येतं आणि फोटो छान येतो, पण त्याने साखळी ऑक्सिडाइझ होते. मी विद्यार्थ्यांना ब्लीच वापरू देत नाही. थोडा गुलाबी राहिला तर राहू द्या. आणि आम्लाच्या भांड्याजवळ ब्लीच कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो.

पायरी चौथी: ॲसिटिल गट काढणं

सगळ्यात धोक्याची पायरी हीच आहे. सावकाश करा.

३५० मिली पाण्यात ३५० ग्रॅम कॉस्टिक सोडा, थोडा थोडा, पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून विरघळवा. द्रव आपोआप उकळीच्या जवळ तापतो. हे ५० टक्क्यांचं द्रावण, साधारण ४६० मिली होतं आणि २५ ग्रॅम कायटिनला पुरतं. पूर्ण वाळलेलं कायटिन त्यात टाका, झाकण ठेवा, ९५ ते १०० अंशांवर दोन तास ठेवा. झाकण महत्त्वाचं आहे. हवेतला ऑक्सिजन गरम क्षारात साखळी तोडतो. नायट्रोजनचा सिलिंडर असेल तर त्याची सावकाश धार सोडा.

दोन तासांनी थंड होऊ द्या, गाळा, तटस्थ होईपर्यंत धुवा, वाळवा. मग नवीन द्रावणात आणखी दोन तास. सलग चार तास ठेवण्यापेक्षा मध्ये धुऊन दोनदा केल्यावर ॲसिटिल गट जास्त निघतात. पहिल्या फेरीत साखळीचे जे भाग एकमेकांना चिकटून क्षारापासून लपलेले असतात, ते धुताना आणि फुगताना उघडे पडतात. वर्गात आम्ही एका गटाला सलग आणि दुसऱ्याला तुटक वेळ देतो. फरक प्रत्येक वेळी दिसतो.

धुणं कंटाळवाणं आहे. आठ-दहा पाणी लागतात. शेवटची दोन डिस्टिल्ड वॉटरची. ५० अंशांवर वाळवा. १०० ग्रॅम सालीतून १५ ते १८ ग्रॅम कायटोसान आलं तर चांगलं काम झालं. ३० ग्रॅम आलं तर आनंद मानू नका. तो बहुधा न निघालेला चुना किंवा प्रथिनं आहेत.

वापरलेला तीव्र क्षार बेसिनमध्ये ओतू नका. थंड झाल्यावर पातळ करून, त्याची ताकद मोजून, पुढच्या खेपेला प्रथिनं काढायला तो चालतो. उरलेले आम्ल आणि क्षार पूर्ण थंड झाल्यावर, पातळ करून, हळूहळू एकमेकांत मिसळून पीएच ६ ते ८ दरम्यान आणा आणि मगच सोडा.

पायरी पाचवी: विरघळवून पुन्हा काढणं

लीटरभर पाण्यात १० मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्ल टाका. त्यात १० ग्रॅम कायटोसान रात्रभर ढवळत ठेवा. घट्टसर, किंचित पिवळसर, मधासारखा द्रव व्हायला हवा. तळाशी वाळूसारखे कण राहिले तर ते कायटिनच आहे, चौथी पायरी अपुरी पडली. नायलॉनच्या बारीक कापडातून गाळा.

आता सौम्य कॉस्टिक सोड्याने पीएच ८.५ ते ९ वर न्या. पांढरे पुंजके खाली बसतात. ते धुऊन वाळवा. ही पायरी बहुतेक प्रयोगवह्यांत नसते, मला मात्र ती सगळ्यात मोलाची वाटते. न विरघळणारं सगळं गाळणीत अडकतं, विरघळणारी लवणं धुण्यात जातात आणि मधोमध फक्त तेच उरतं जे आम्लात विरघळतं आणि क्षारात बसतं. म्हणजे कायटोसान.

तपासण्या

राख. १ ग्रॅम नमुना क्रुसिबलमध्ये ५५० अंशांवर चार तास जाळा. उरलेली राख १० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे १ टक्क्याच्या आत हवी. ३० मिलिग्रॅम आली तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

पाणी. कायटोसान हवेतून पाणी शोषून घेतं, सहज १० टक्के. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून हा आकडा काढा. क्षुल्लक वाटतो, पण लगेच खाली त्याची किंमत दिसेल.

ॲसिटिल किती गेले. प्रयोगशाळेत याला 'डीडी' म्हणतात, शंभरातल्या किती कड्यांवर उघडा अमाइन आहे तो आकडा. एफटीआयआर किंवा एनएमआर (रेणूची रचना ओळखणारं) यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर ब्युरेट आणि पीएच मीटर पुरतात. ०.२ ग्रॅम कायटोसान ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या २० मिलीमध्ये विरघळवा, थोडं डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि ०.१ मोलर कॉस्टिक सोडा ०.५ मिलीच्या टप्प्याने टाकत पीएच लिहीत जा. आलेखात दोन ठिकाणी पीएच एकदम उडी मारतो. पहिली उडी: जास्तीचं आम्ल संपलं. दुसरी उडी: अमाइनवर बसलेलं आम्लही संपलं. दोन्हींमधलं अंतर म्हणजे अमाइनची संख्या. दुसऱ्या उडीच्या आसपास कायटोसान खाली बसू लागतं, तेव्हा प्रत्येक टप्प्यानंतर मिनिटभर थांबा, मीटर स्थिर होऊ द्या.

सूत्र असं: डीडी = २०३ × अमाइनचे मोल ÷ (वजन ग्रॅममध्ये + ४२ × अमाइनचे मोल), गुणिले १००. इथे २०३ हे ॲसिटिल असलेल्या कडीचं वजन, १६१ हे नसलेल्याचं, आणि ४२ त्यांच्यातला फरक.

समजा पहिली उडी १० मिलीला आणि दुसरी २० मिलीला आली. अंतर १० मिली, म्हणजे ०.००१ मोल. २०३ × ०.००१ = ०.२०३. खाली ०.२ + ०.०४२ = ०.२४२. डीडी ८४ टक्के. आता लक्षात घ्या की त्या ०.२ ग्रॅममध्ये १० टक्के पाणी होतं. खरं वजन ०.१८ ग्रॅम. खालची बेरीज ०.२२२ आणि डीडी ९१ टक्के. बाटली तीच, प्रयोग तोच, आणि सात टक्क्यांचा फरक निव्वळ पाण्याने पाडला. युरोपीय औषधकोशात कायटोसान हायड्रोक्लोराइडसाठी डीडी ७० ते ९५ टक्के अशी मर्यादा आहे. दोन्ही आकडे तिच्यात बसतात, पण पदार्थाचं वागणं दोन्हींत वेगळं असतं.

घट्टपणा. १ टक्का द्रावणाचा वेळ ओस्टवाल्ड व्हिस्कोमीटरमध्ये मोजा आणि प्रत्येक खेपेचा आकडा शेजारी शेजारी लिहा. साखळीची सरासरी लांबी यावरून कळते. एखाद्या खेपेचं द्रावण पाण्यासारखं पातळ निघालं तर कुठल्या पायरीत आम्लात किंवा उष्णतेत जास्त वेळ गेला ते शोधा.

पडदा आणि स्पंज

पडद्यासाठी १ टक्का ॲसिटिक आम्लात २ टक्के कायटोसान घ्या. बुडबुडे जाईपर्यंत ठेवा, ९ सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये २० मिली ओता, ४० अंशांवर रात्रभर वाळवा. कागदापेक्षा पातळ, पारदर्शक चकती सुटून येते. फार कडक वाटली तर पुढच्या वेळी कायटोसानच्या वजनाच्या पाव भाग ग्लिसरीन मिसळा. ही चकती तशीच पाण्यात टाकली तर फुगून लगदा होते, कारण तिच्यात आम्ल अडकलेलं आहे. ४ टक्के कॉस्टिक सोड्यात अर्धा तास ठेवून धुतली की पाण्यात टिकते.

स्पंजसाठी तेच द्रावण साच्यात घालून उणे २० अंशांवर रात्रभर गोठवा आणि फ्रीज ड्रायरमध्ये एक-दोन दिवस ठेवा. बर्फ वाफ होऊन निघून जातो आणि त्याच्या जागी छिद्रं राहतात. सावकाश गोठवलं तर बर्फाचे स्फटिक मोठे आणि छिद्रंही मोठी. झटकन गोठवलं तर बारीक.

इथे एक बारकावा सांगायला हवा. रक्त थांबवायच्या स्पंजमधलं आम्ल काढायचं नसतं. ॲसिटेट रूपातल्या कायटोसानवर धन भार असतो. रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. पेशी त्याच्याभोवती गोळा होतात, पदार्थ ओला होऊन चिकट होतो आणि जखमेचं तोंड बुजतं. शरीराची स्वतःची रक्त गोठवण्याची साखळी नीट चालत नसली तरी हे घडतं, म्हणून रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या रुग्णांतही त्याचा उपयोग पाहिला गेला आहे. अमेरिकेत हेमकॉन ही कायटोसान ॲसिटेटची पट्टी २००२ मध्ये मान्य झाली आणि तिथल्या सैन्याने ती इराक-अफगाणिस्तानात वापरली. भारतात अहमदाबादेत सुरू झालेल्या ॲक्सिओ बायोसोल्युशन्सची ॲक्सिओस्टॅट ही पट्टीही कायटोसानचीच.

परिणाम तपासताना फसू नका

जंतूंवरच्या चाचणीत आम्ही स्वतः एकदा चांगलेच फसलो. एका विद्यार्थिनीने आगर प्लेटमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीच्या बशीत) भोक पाडून कायटोसानचं द्रावण टाकलं. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती सुंदर स्वच्छ वर्तुळ. पोस्टर छापलं, जिल्हा पातळीवर मांडलं. परत आल्यावर तिनेच विचारलं, "सर, नुसतं ॲसिटिक आम्ल टाकलं तर?" टाकून पाहिलं. तेवढंच वर्तुळ आलं. कायटोसानची लांब साखळी आगरमधून फारशी पसरतच नाही, पसरलं होतं ते आम्ल. चूक माझी होती, तुलनेची प्लेट ठेवायला मी सांगायला हवं होतं. आता आमच्याकडे प्रत्येक चाचणीत त्याच पीएचचं नुसतं आम्ल शेजारी असतं, आणि प्लेटऐवजी द्रव माध्यमात किती जंतू जिवंत राहिले ते मोजतो.

रक्त गोठण्यासाठी माणसाचं रक्त घेऊ नका. त्याला नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. बकऱ्याचं रक्त ९ भाग आणि ३.८ टक्के सोडियम सायट्रेट १ भाग असं खाटीकखान्यातच मिसळून आणा. स्पंजच्या तुकड्यावर ०.२ मिली रक्त, त्यावर ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइडचे २० मायक्रोलिटर. पाच मिनिटांनी २५ मिली डिस्टिल्ड वॉटर कडेने सोडा. न गोठलेल्या पेशी फुटून पाणी लाल होतं. ५४० नॅनोमीटरवर रंग मोजा. पाणी जितकं फिकं, तितकं रक्त जास्त गोठलं. शेजारी साध्या गॉजचा तुकडा ठेवाच.

मग जखमेवर का नाही

कारण आपण जंतू मारले तरी त्यांच्या भिंतीचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, मागे राहतात. ते ऋणभारित असतात आणि धनभारित कायटोसानला घट्ट चिकटतात. ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याने) ते जात नाहीत. उलट ऑटोक्लेव्हने कायटोसान पिवळं पडतं आणि त्याची साखळी तुटते. गॅमा किरणांनी निर्जंतुक करता येतं, पण तेही साखळी तोडतात, म्हणून किरणांनंतरचं वागणं पुन्हा मोजावं लागतं. बंदरातल्या पाण्यातून सालीत शिरणारे शिसं, पारा, आर्सेनिक वेगळे तपासावे लागतात. त्यानंतर पेशींवरच्या चाचण्या, मग प्राण्यांवरच्या, मग माणसांवरच्या. भारतात असं उत्पादन वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली येतं. ते नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत आणि जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग पाडतात.

शेलफिशची ॲलर्जी असलेल्यांनी काय करावं, हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो. नीट शुद्ध केलेल्या कायटोसानमध्ये ॲलर्जी आणणारी प्रथिनं जवळपास नसतात. तरीही असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, स्वतः ठरवायचं नाही. शाकाहारी रुग्णांसाठी आणि ॲलर्जीच्या शंकेसाठी बुरशीपासूनचं कायटोसानही निघालं आहे. आस्पर्जिलस नायगर ही काळी बुरशी त्यासाठी वापरतात. गुडघेदुखीसाठी दुकानात मिळणाऱ्या ग्लुकोसामीनच्या गोळ्याही बऱ्याचदा याच सालीपासून येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

प्रत्येक जखमेला कायटोसानच हवं असंही नाही. खूप पाझरणाऱ्या जखमेवर समुद्री तपकिरी शेवाळातलं आल्जिनेट बरं. १८८१ मध्ये स्कॉटलंडमध्ये स्टॅनफर्ड यांनी ते वेगळं केलं. त्याच्या धाग्यातला कॅल्शियम आणि जखमेतल्या पाझरातला सोडियम जागा बदलतात, धागा जेल होतो आणि पट्टी काढताना नवी त्वचा ओरबाडली जात नाही. कोरड्या जखमेवर हीच पट्टी चिकटून त्रास देते. गुडघ्यात टोचतात ते हायलुरोनिक आम्ल. १९३४ मध्ये मेयर आणि पामर यांना ते गाईच्या डोळ्यात सापडलं होतं, आता ते जंतूंकडून आंबवून मिळवतात.

बाटलीवर काय लिहायचं

प्रयोग संपला की बाटलीवर कागदी चिठ्ठी चिकटवा आणि पेन्सिलने लिहा. शाई ॲसिटोनने जाते. साल कुठल्या बंदराची, कोणत्या तारखेची, कच्ची की उकडलेली. आम्लाचा वेळ, क्षाराचा वेळ आणि तापमान. राख टक्के, पाणी टक्के, पाणी वजा करून काढलेला डीडी, १ टक्का द्रावणाचा व्हिस्कोमीटरमधला वेळ. खाली लाल पेन्सिलने: माणसावर वापरू नये. घट्ट झाकण, सिलिका जेलची पुडी, फ्रीजमध्ये. सहा महिन्यांनी घट्टपणा पुन्हा मोजा आणि जुन्या आकड्याखाली नवा आकडा लिहा.